बलवडीचं पाणी, रॉल्सचा पडदा : एका प्रतिक्रियेला उत्तर

सांगली जिल्ह्यातल्या बलवडीच्या बळीराजा धरणावर आणि तिथल्या पाणीवाटपावर मी मागे एक पोस्ट लिहिली होती, आणि न्यायाचा सिद्धांत मांडणारा अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स तिच्यात आणला होता. तिच्याखाली आलेली एक प्रतिक्रिया चार दिवस डोक्यातून जात नाही. लिहिणाऱ्यांनी नाव दिलेलं नाही, 'घाटमाथ्यावरचा बागायतदार' एवढीच ओळख आहे. मुख्य भाग असा :

"तुम्ही बळीराजा धरणावर लिहिता आणि मधेच अमेरिकेतला रॉल्स आणता. बलवडीच्या लोकांनी येरळेची वाळू विकून, अंगमेहनत करून धरण बांधलं. त्यांनी कुठला सिद्धांत वाचला नव्हता. त्यांच्या घामाला परदेशी शिक्का कशाला? तुम्हीच लिहिता की रॉल्सचा सिद्धांत सुबत्तेच्या काळातला. मग दुष्काळात तो काय कामाचा? आणि भूमिहीनाला पाणी देऊन तो करणार काय, पिणार? आमची बारा एकर, घरात अकरा माणसं. ज्याची जमीन, ज्याचं कष्ट, त्याचं पाणी. समान वाटप व्याख्यानात बरं वाटतं."

तुमचा पहिला आक्षेप आधी घेते, कारण तो खरा आहे. मी लिहिलं होतं, 'रॉल्सचा सिद्धांत बलवडीत प्रत्यक्ष उतरला.' हे वाक्य चुकलं. चूक नुसती शब्दांची नाही. राज्यशास्त्राचे अभ्यासक गोपाळ गुरू यांनी २००२ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त एक लेख लिहिला होता. काहींनी सिद्धांत मांडायचा आणि बाकीच्यांनी त्याला माहिती पुरवायची, अशी एक उतरंड आपल्या समाजशास्त्रांत झाली आहे आणि तिच्यात जातीचीच उतरंड दिसते, असा त्यांचा आरोप होता. त्यावरून तत्त्वज्ञ सुंदर सरुक्काई आणि त्यांच्यात जो वाद झाला, त्याचं २०१२ साली पुस्तक झालं. ते मी वर्गात शिकवलेलं आहे. तरी लिहायला बसले तेव्हा रॉल्सला सिद्धांताच्या पाटावर बसवलं आणि धरण बांधणाऱ्या बलवडी-तांदुळवाडीच्या माणसांना उदाहरणाच्या. तुम्ही ते पकडलंत. ते वाक्य मी खोडते आहे. पुसत नाही, खोडलेलं दिसू दे.

पण म्हणून रॉल्सला वेशीबाहेरच ठेवा, हे मला पटत नाही. बाहेरचा विचार शिक्का म्हणून आणणं वेगळं आणि प्रश्न म्हणून आणणं वेगळं. वाईचं 'नवभारत' मासिक चालवणारे तत्त्वज्ञ मे. पुं. रेगे आणि त्यांच्यासारखेच तत्त्वज्ञ दया कृष्ण यांनी १९८३ साली पुण्यात संस्कृत पंडित आणि पाश्चात्त्य पद्धतीत शिकलेले तत्त्वज्ञ यांना समोरासमोर बसवलं होतं. ब्रिटिश तत्त्वज्ञ रसेलने उभे केलेले प्रश्न पंडितांपुढे ठेवले आणि त्यांच्या शास्त्रातून ते काय उत्तर देतात ते ऐकलं. कोणी कोणाला प्रमाणपत्र दिलं नाही. मला तसं करायचं होतं आणि जमलं नाही. आता पुन्हा करून बघते.

रॉल्स म्हणतो, समाजाचे नियम ठरवणारी माणसं अज्ञानाच्या पडद्याआड बसली आहेत असं समजा. पडदा उठल्यावर आपण बारा एकरवाले निघणार की शून्य एकरवाले, हे त्यांना माहीत नाही. मग ती असे नियम करतील की सगळ्यांत खालच्या माणसाचीही ससेहोलपट होऊ नये, कारण तो खालचा माणूस आपणच असू शकतो.

आता बलवडीकडे बघा. तिथे पडदा नव्हता. कोणाची किती जमीन, कोणाची माळरान, कोणाची नदीकाठची, कोणाकडे काहीच नाही, हे सगळ्या गावाला पाठ होतं. तरी पाणी वाटायची वेळ आली तेव्हा भूमिहीनालाही पाण्याचा हक्क द्यायचं ठरलं. एका अर्थी हे रॉल्सच्या कल्पनेपेक्षा अवघड काम. स्वतःचा सातबारा विसरून न्यायी होणं सोपं आहे. तो हातात धरून न्यायी होणं कठीण. हे कशामुळे झालं असेल? मला वाटतं, अज्ञानामुळे नव्हे तर सोबतीमुळे. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांतून परतलेले कामगार त्या चळवळीत होते, दुष्काळी कामांवर एका रांगेत बसलेली माणसं होती. शेजाऱ्याचं आयुष्य त्यांनी कल्पनेने नाही, डोळ्यांनी पाहिलेलं होतं. रॉल्सला विचारायचा प्रश्न हाच आहे की न्यायासाठी माणसाला स्वतःचा विसर पडावा लागतो, की दुसऱ्याची ओळख पटावी लागते? बलवडीचं उत्तर मला ओळखीच्या बाजूचं दिसतं. म्हणून बलवडी हा एक युक्तिवाद आहे, उदाहरण नाही.

पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली, तिचे नियमही याच जातकुळीतले. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही तर माणशी, दर माणसाला अर्धा एकर भिजेल एवढं. भूमिहीनालाही वाटा. उसाला बंदी. आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. या शेवटच्या नियमावर मी वर्गात एक अख्खा तास घालवायची. कालव्याचं पाणी लाभक्षेत्रातल्या जमिनीला मिळतं, माणूस कोणीही असो. इथे ते माणसाला मिळतं, जमीन असो वा नसो. मालमत्ता म्हणजे काय, या प्रश्नाचं हे सरळ वेगळं उत्तर आहे.

भूमिहीन पाण्याचं करणार काय, असं विचारलंत. तो पाणी घेऊन वाट्याने शेती करील. जमीन तुमची, पाणी त्याचं. आजवर तो तुमच्या ओट्यापाशी रोजंदारी मागायला येत होता, आता बोलणी करायला येईल. अमेरिकन तत्त्वज्ञ एलिझाबेथ अँडरसनने १९९९ साली एका लेखात हेच विचारलं होतं की समतेचा हेतू काय? नशिबाने झालेलं नुकसान मोजून भरून देणं, की कोणी कोणापुढे वाकू नये अशी नाती उभी करणं? ती दुसऱ्या बाजूची आहे, आणि मीही.

पाण्याच्या बाबतीत हे साताऱ्याला फार आधी कळायला हवं होतं. १९०१ च्या सुमारास बाबासाहेब, वय नऊ-दहा वर्षांचं, घरातल्या मुलांबरोबर साताऱ्याहून रेल्वेने मसूरला उतरले. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला रोखपाल होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावं म्हणून सरकारने तिथे तलाव खोदायला काढला होता. जात कळल्यावर गाडीवान मिळेना. दुप्पट भाडं देऊन निघालेल्या त्या मुलांनी रात्र टोलनाक्यावर काढली, जवळ जेवण असून पाण्याशिवाय उपाशी. बापाच्या हिशेबाच्या वहीत तलाव आणि मुलाच्या घशाला कोरड. म्हणून १९२७ साली महाडला त्यांनी सांगितलं की आम्ही नुसतं पाणी प्यायला आलेलो नाही, आम्हीही माणसं आहोत हे ठरवायला आलो आहोत. 'पिणार?' हा शब्द तुम्ही सहज लिहिला असेल, पण मला तो ओलांडून पुढे जाता आलं नाही.

'ज्याचं कष्ट त्याचं पाणी', हा तुमचाच नियम घेऊ. तुमची द्राक्षबाग असेल असं धरते. खरड छाटणीला, विरळणीला, घड औषधात बुडवायच्या डिपिंगला बागेत कोण असतं? कष्टावर पाणी वाटायचं ठरलं तर त्या टोळीचा वाटा तुमच्याआधी काढावा लागेल. आणि ते नको म्हणून 'ज्याची जमीन' या नियमावर यायचं, तर जमीन हे कष्टाचं फळ आहे की जन्माचं, हे सांगावं लागेल. अमर्त्य सेन यांनी २००९ च्या पुस्तकात एका बासरीसाठी भांडणारी तीन मुलं आणली आहेत. एकाला ती वाजवता येते, एकाकडे दुसरं खेळणंच नाही, एकाने ती बनवली आहे. तिघांचंही म्हणणं खरं. तुम्ही बनवणाऱ्याचं तेवढं नाव घेतलंत आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याला घरी पाठवलंत.

शिवाय टेंभू योजनेचं जे पाणी आपल्या तालुक्यात येतं, ते कृष्णेतून टप्प्याटप्प्याने पंपांनी उचललेलं, सार्वजनिक पैशातून आणलेलं. त्यावर जमीनदाराचाच हक्क कसा? (हे टेंभू म्हणजे गोपाळ गणेश आगरकरांचं जन्मगाव. टेंभू म्हटलं की आता पंपच आठवतात, आगरकर नाही, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.)

रॉल्स सुबत्तेतला, हा तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. विचारांच्या इतिहासाची अभ्यासक कॅट्रिना फॉरेस्टर हिने २०१९ च्या पुस्तकात दाखवलं की १९७१ साली आलेल्या रॉल्सच्या मुख्य ग्रंथाचा सांगाडा युद्धानंतरच्या अमेरिकेत, १९५० च्या दशकातच उभा राहिला होता. बाहेरचं जग बदललं तरी पुढच्या तत्त्वज्ञांनी सांगाडा तसाच वापरला. २०१९ सालीच एरिक नेल्सन या अभ्यासकाने आणखी मागे जाऊन १९४२ चा रॉल्सचा विद्यार्थिदशेतला प्रबंध उघडला. तो पाप आणि श्रद्धा यांवर आहे आणि छापला गेला २००९ साली. माणसाला स्वतःच्या पुण्याईचा दावा करता येत नाही, ही धर्मशास्त्रातली भूमिका पुढे 'कोणीही आपल्या जन्मजात जागेला लायक ठरत नाही' या रूपात आली, असं नेल्सन म्हणतो, आणि ते रॉल्सच्या विरोधात वापरतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. रॉल्स लहान असताना त्याचे दोन धाकटे भाऊ त्याच्याकडूनच लागलेल्या आजारांनी गेले. तो वाचला. जगणं ही लायकीची गोष्ट नाही, हे समजायला त्याला सुबत्ता लागली नसावी.

माझी आई १९७२ साली खडी फोडायला जायची. घरी जमीन नव्हती. सुकडी मिळायची ती आम्ही भावंडं खायचो. दोन मैलांवर ज्यांची विहीर होती, ते वाईट नव्हते; पाणी द्यायचे. पण आई कळशी घेऊन निघाली की पदर नीट करायची, आणि परत येईपर्यंत तिच्या तोंडून शब्द निघायचा नाही. विचारायला लागणं काय असतं ते मी तिथे शिकले.

तुमच्या एका मुद्द्याला मात्र माझ्याकडे पुरतं उत्तर नाही, आणि तोच मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. घरात अकरा माणसं. पाणी कुटुंबाला सारखं वाटलं तर अकरा जणांच्या घरावर आणि तिघांच्या घरावर एकच मोजमाप लागतं, हा अन्यायच. नायगावच्या नियमात माणशी हिशेब आहे, पण तिथेही अडीच एकरांची कुटुंबमर्यादा होती, म्हणजे पाच माणसांवर हिशेब थांबायचा. स्त्रीवादी विचारवंत सूझन मोलर ओकिनने १९८९ साली रॉल्सला इथेच गाठलं होतं. पडद्याआड तू कुटुंबप्रमुख बसवलेस, म्हणाली, घराच्या आत न्याय आहे की नाही हे विचारलंच नाहीस. बलवडीला, नायगावला आणि मलाही हा प्रश्न लागू आहे. नवऱ्याने टाकलेली बाई माहेरी आली तर तिचं पाणी कोणत्या नावावर? सासरचं घर तिला धरत नाही, माहेरचं घर आधीच मोजून झालेलं असतं.

म्हणून तुम्हालाच विचारते, कारण तुमच्या घरचा अनुभव माझ्याकडे नाही. अकरांपैकी बायका किती? सातबाऱ्यावर त्यांच्यातल्या कोणाचं नाव आहे? आणि रात्रीची वीज असते त्या दिवशी पाण्याची पाळी कोणाची, हे घरात कोण ठरवतं?