लक्ष्मणफळाने पिशवी वाचत नाही

परवा रामबागेतल्या काकूंनी माझ्या भाचीला लक्ष्मणफळाची वाळलेली पानं आणून दिली, नईदुनियाच्या कागदात गुंडाळून. त्याआधी मेसेज पाठवलेलाच होता: ‘गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर झाला की डॉक्टर पिशवी काढणारच. अंडी गोठवायला महिने लागतात, त्या इंजेक्शनांनी कॅन्सर वाढतो, आणि लग्न न झालेल्या मुलीला कायद्याने परवानगीच नाही. 90 दिवस हा काढा घ्या, पिशवी वाचेल.’ इंदुरातल्या आपल्या चार ग्रुपांवर तो फिरतोय. भाची 28 वर्षांची, तिला हाच कॅन्सर निघालाय. रात्रभर रडली पोर.

आधी काढ्याचंच बोलते, कारण खरा घात तिथे आहे. तिच्या एमआरआयमध्ये गाठ 1.6 सेंटिमीटरची आहे. गाठ 2 सेंटिमीटरच्या आत असेल आणि रोग पसरलेला नसेल, तर गर्भाशयाचं मुख आणि भोवतालचा भाग तेवढा काढून वरची पिशवी राखता येते. याला ट्रॅकिलेक्टमी म्हणतात. फ्रान्सच्या डॅनिएल दार्जां यांनी ती 1987 मध्ये केली, म्हणजे भाचीच्या जन्माच्याही आधी! पिशवी खाली योनीला जोडतात, तोंडाशी पक्का टाका घालतात, पुढे बाळंतपण सिझेरियनने. आता तीन महिने काढा पीत बसलं आणि गाठ 2 सेंटिमीटरच्या पुढे गेली, तर ही वाट बहुतेक बंदच. मग अख्खी पिशवी तरी जाते, नाहीतर किमो आणि शेक, म्हणजे रेडिएशन. जी पिशवी वाचवायची म्हणून काढा घ्यायचा, ती त्या काढ्यापायीच जायची. शिवाय या फळात आणि पानांत ॲनोनासिन असतं, ते मेंदूच्या पेशींना घातक. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वाडलूप बेटावर ही फळं आणि पानांचा काढा नेहमी घेणाऱ्यांत पार्किन्सनसारखा आजार आढळलाय.

पुढे मूल व्हावं म्हणून अंडी गोठवायला महिने नाही, साधारण दोन आठवडे लागतात, आणि पाळीच्या कुठल्याही दिवशी सुरुवात करता येते. कायद्याचं तर साफ खोटं आहे. कृत्रिम गर्भधारणेबद्दलच्या 2021 च्या कायद्यात 21 वर्षांवरच्या स्त्रीला लग्नाची अट नाही.

अंडी वाढवायला देतात त्या इंजेक्शनांचं अर्धं खरं आहे, ते मान्य करते. पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर इस्ट्रोजेनवर पोसतो, तिथे जपावं लागतं, म्हणून सोबत इस्ट्रोजेन कमी ठेवणारं लेट्रोझोल देतात. गर्भमुखाच्या नेहमीच्या स्क्वॅमस कॅन्सरचं तसं नाही. आणि हो, ओटीपोटाला शेक द्यावा लागला तर पिशवी सहसा मूल पेलू शकत नाही. ट्रॅकिलेक्टमीनंतरही बाळ लवकर जन्मण्याचा धोका असतो. सगळ्यांनाच हे जमतं असं नाही, पण जमेल का ते तपासून ठरतं, मेसेजवरून नाही.

मला राग याचा येतो की पहिल्या डॉक्टरांनीही हा विषय काढला नाही. उपचार सुरू होण्याआधीच रुग्णाशी पुढे मूल होण्याबद्दल बोलावं, असं अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने, ॲस्कोने, 2006 पासून सांगितलंय. शेवटी भाचीनेच विचारलं, तेव्हा कुठे दुसरीकडे चिठ्ठी मिळाली.

काकू, पानं परत आणून देते. तुम्ही मायेनेच दिलीत, ते ठाऊक आहे. पण तो मेसेज जिथे जिथे टाकलात, तिथे आज हेही टाका.