एचबीओ मोठं झालं ते छत्रीमुळे

एचबीओचं नाव निघालं की लोक मालिकांवर घसरतात. मला विचाराल तर त्या अमेरिकन चॅनलची खरी गोष्ट छत्रीची, म्हणजे डिश अँटेनाची आहे. उपग्रहावरून सोडलेला सिग्नल कुणाच्या अंगणात पडेल हे सोडणाऱ्याच्या हातात नसतं, आणि पुढचे सगळे घोळ तिथूनच सुरू झाले.

8 नोव्हेंबर 1972 ला पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरीत चॅनल सुरू झालं तेव्हा ग्राहक होते 365. सिग्नल मायक्रोवेव्ह टॉवरांवरून टप्पे घेत यायचा, त्यामुळे लांबचं गाव जोडायचं तर आधी टॉवर उभे करा. 30 सप्टेंबर 1975 ला मनिलाची अली-फ्रेझर मुष्टियुद्धाची लढत उपग्रहावरून थेट फ्लोरिडा आणि मिसिसिपीतल्या केबलवाल्यांकडे उतरली, आणि टॉवरांची गरजच संपली.

फक्त छत्री हवी होती 10 मीटरची, खर्च लाखभर डॉलर. 1976 च्या अखेरीस 4.5 मीटरला परवानगी मिळाली आणि छोटे केबलवाले धावले. पण व्यास 10 वरून 4.5 वर आला की क्षेत्रफळ पाचव्या हिश्श्यावर येतं. सिग्नलचे 7 डेसिबल तिथेच गेले. उपग्रहावरचा ट्रान्सपाँडर (सिग्नल घेऊन परत खाली पाठवणारं यंत्र) जेमतेम 5 वॅटचा (आपला झिरोचा बल्बसुद्धा 15 चा असायचा!) आणि अंतर 36,000 किलोमीटर. एलएनए, म्हणजे छत्रीवरचा क्षीण सिग्नल वाढवणारा अँप्लिफायर, जरा हलका निघाला की चित्रात काळे-पांढरे ठिपके उडालेच. त्यात टेलिफोनच्या मायक्रोवेव्ह लिंक उपग्रहाच्याच 4 गिगाहर्ट्झ पट्ट्यात, म्हणून छत्री इमारतीच्या आडोशाला बसवायची. वर्षातून दोनदा सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो, तेव्हा काही मिनिटं नुसती खरखर. त्याला इलाज नाही.

मग लोकांनी परसात छत्र्या लावून फुकट सिनेमे बघायला सुरुवात केली. 15 जानेवारी 1986 पासून एचबीओने चोवीस तास सिग्नल कोड केला. डिकोडर 395 डॉलरचा, वर महिन्याला 12.95. व्हिडिओसायफर या कोड करण्याच्या पद्धतीत चित्राचं संरक्षण तकलादूच होतं, सिंक (चित्राच्या ओळी जागेवर ठेवणारा संकेत) काढून रंग उलटे केलेले. खरं कुलूप आवाजाला होतं. चोरांनी ते फोडण्याच्या फंदात न पडता पैसे भरलेल्या डिकोडरची ओळख दुसऱ्या डबड्यांत उतरवली.

27 एप्रिलच्या मध्यरात्री सिनेमा चालू असताना पडद्यावर रंगपट्टे आले आणि त्यावर मजकूर: 12.95 डॉलर? जमणार नाही! पाठवणाऱ्याचं नाव 'कॅप्टन मिडनाइट'. हा इसम अपलिंक केंद्रात, म्हणजे उपग्रहाकडे सिग्नल पाठवणाऱ्या केंद्रात नोकरी करायचा आणि त्याचा छत्र्या विकण्याचा धंदा बसला होता. त्याने काहीही हॅक केलं नव्हतं. उपग्रहाचा सिग्नल एफएम पद्धतीचा होता, आणि एफएममध्ये दोन सिग्नल भिडले की जोरातला उरतो, दुसरा गडप होतो. त्याने केंद्रातली मोठी छत्री एचबीओच्या उपग्रहाकडे वळवून पॉवर चढवली, आणि साडेचार मिनिटं उपग्रह बिचारा जे जोरात येत होतं तेच खाली पाठवत राहिला.