जरा धरतेस का?

लिमासोलचा मध्ययुगीन किल्ला मी परवा पाहिला. पाहिला म्हणजे तळमजला पाहिला, आणि एक भगवी कापडी पिशवी फार जवळून पाहिली. गच्ची राहिली. तिकीट मात्र आख्खं काढलं होतं, तेही युरो मोजून.

माझा भाऊ इथे सायप्रसला जहाजांच्या कंपनीत आहे. या गावात जहाजं सांभाळणारी ऑफिसं बरीच, त्यामुळे आपली माणसंही बरीच. पण मला भेटल्या त्या काकू सहलीतल्या. मी दारात आईशी फोनवर मराठीत बोलत होते, तेवढं त्यांना पुरलं.

"अगंबाई, मराठी! कुठली गं तू?"

"पुण्याची."

"एकटीच आलीस?"

"हो."

"मिस्टर?"

"लग्न नाही केलं, काकू."

आपल्याकडे हे सांगितलं की समोरचा आधी गडबडतो, मग हळहळतो. काकू यातलं काहीच करत बसल्या नाहीत. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि खांद्यावरची पिशवी उतरवली.

"मग तू मोकळीच आहेस. जरा ही धरतेस का? आमचा ग्रुप वर गच्चीवर चाललाय. हे खालीच बसतायत, गुडघे आहेत ना यांचे. पाच मिनिटांत आलेच."

आणि गेल्या. बाकावर मी, शेजारी काका, माझ्या मांडीवर पिशवी. काकांचे दोन्ही हात रिकामे. हे मुद्दाम सांगतेय, कारण गुडघ्यांचं दुखणं हातांत उतरल्याचं अजून तरी मी ऐकलेलं नाही.

थोडा वेळ थांबून विचारलं, "काका, पिशवी ठेवता का तुमच्याजवळ? मी पटकन वर जाऊन येते."

काका दचकले. "छे छे! त्यात माझी औषधं आहेत."

"म्हणूनच म्हणतेय."

"औषधांचं मला काही कळत नाही. ते सगळं ही बघते." मग समजुतीच्या सुरात, "आणि वर काय असणार? समुद्रच. तो आपल्याला मालवणला दिसतो."

मग काकांनी किल्ल्याचा समाचार घेतला. "याला किल्ला म्हणायचं? वाडा म्हणा फार तर. आमच्या सिंधुदुर्गाच्या पायात शिसं ओतलंय, शिसं! आपले १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले आता." त्यातला जिंजी तामिळनाडूत आहे, हे मी सांगून पाहिलं. "महाराजांनी घेतलेला ना? मग आपलाच," काका म्हणाले. यावर काय बोलणार!

तसं काकांचं अगदीच चूक नव्हतं. बाहेरून ही इमारत चौकोनी आणि ठेंगणीच दिसते. जुना किल्ला पडला, आत्ताचा तुर्कांनी १५९०च्या सुमारास उभा केला. पुढे इथे तुरुंग होता, तो थेट १९५०पर्यंत. आता मध्ययुगीन वस्तूंचं संग्रहालय आहे. भिंती एवढ्या जाड की उन्हाळ्यातही आत गार वाटतं, आणि वर गेलेल्या काकूंना मारलेली हाक कुठेच पोहोचत नाही.

बाकावरून मला जेवढं दिसत होतं त्यात कबरीवरचा एक कोरीव दगड होता. त्यावर एक सरदार, हात जोडलेला. त्याच्या चिलखताच्या रेषा झिजून गेल्यात, नाक पार सपाट झालंय, पण जोडलेली बोटं अजून वेगवेगळी मोजता येतात. मी मोजली. दुसरं करायला काय होतं?

आणि इतिहास तरी कसला! इंग्लंडचा राजा रिचर्ड, सिंहाच्या काळजाचा म्हणतात तो, धर्मयुद्धाला निघाला असताना वादळात त्याच्या बहिणीचं आणि वाग्दत्त वधूचं जहाज या किनाऱ्याला लागलं. बेटाचा राजा आयझॅक कोम्नेनोस त्या बायकांना गोडं पाणीसुद्धा भरू देईना. रिचर्ड आला, त्याने आयझॅकला झोडपलं आणि १२ मे ११९१ला इथेच बेरेंगारियाशी लग्न लावलं. ते या किल्ल्याच्या जागी लागलं असं परंपरा सांगते. मला बेड्या घालायच्या तर लोखंडाच्या नकोत, एवढीच आयझॅकची अट होती. रिचर्डने चांदीच्या घातल्या. मग बेट टेम्पलरांना, म्हणजे धर्मयुद्धात लढणाऱ्या ख्रिस्ती सरदारांच्या संघाला, एक लाख सोन्याच्या नाण्यांना विकून टाकलं. बेरेंगारियाला इंग्लंडची राणी म्हणून मुकुट चढला तो इथेच, पण राणीपदावर असताना तिने इंग्लंडात पाऊल टाकलं नाही असं मानतात. नवऱ्याच्या मोहिमा, हिने वाट बघायची. तिच्याकडेही कोणीतरी पिशव्या दिल्या असणार, इतिहासकारांनी लिहून ठेवलं नाही एवढंच.

तेवढ्यात पिशवीतून लसणाच्या चटणीचा वास सुटला. संग्रहालयातल्या बाई आल्या, खाणंपिणं मना असल्याच्या पाटीकडे नुसतं बोट केलं आणि माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे! काका त्या वेळी छताची कमान बघण्यात गुंग.

"ही पिशवी माझी नाही," मी इंग्रजीत सांगितलं. जगातला प्रत्येक तस्कर हेच सांगत असणार, त्यामुळे बाईंनी मान डोलावून मला बागेचा रस्ता दाखवला. त्यांची काही चूक नाही. मागोमाग काकाही आले, गुडघ्यांसकट, माझ्यापेक्षा भरभर.

बागेत जुन्या तेलाच्या घाण्याचे दगड आहेत, आणि मांजरं आहेत. सायप्रसमध्ये मांजरं म्हणजे खरे रहिवासी. लिमासोलजवळच्या उत्खननात माणसाशेजारी पुरलेलं साधारण ९५०० वर्षांपूर्वीचं मांजर सापडलंय, आणि चौथ्या शतकात संत हेलेनाने साप मारायला जहाजभर मांजरं आणवली अशी दंतकथाही आहे. त्यांचा एक वंशज माझ्या मांडीवर चढून पिशवीत डोकं घालू लागला. काका म्हणाले, "हाकला, हाकला! चकल्या आहेत त्यात!" म्हणजे औषधांचं कळत नाही, चकल्यांचं सगळं ठाऊक.

खरं सांगू, पिशवीचा राग नव्हता. राग 'मोकळी'चा आहे. घरात आजारी पडलं कोणी की मी मोकळी, लग्नात दागिन्यांच्या खोलीबाहेर बसायला मी मोकळी, ऑफिसात दिवाळीची ड्यूटी मला, कारण बाकीच्यांना 'फॅमिली' आहे. मी रजा साठवून, पैसे साठवून एवढ्या लांब येते ती दुसऱ्याचं सामान राखायला नव्हे. हे काकांना सांगावंसं वाटलं, पण ते झोपले होते.

किल्ला बंद व्हायच्या वेळेला काकू उतरल्या. चेहरा उन्हाने लाल, हातात सेल्फी स्टिक. "काय सुंदर दिसतं गं वरून! आख्खं गाव, मशिदीचा मिनार, पलीकडे समुद्र! तू गेलीच नाहीस?" उत्तराची वाट न बघता पिशवी उघडली, आत हात घालून चाचपलं.

"चकल्या मोडल्यात गं," त्या म्हणाल्या. मग मन मोठं करून त्यातला एक तुकडा मला दिला.

रात्री वहिनीला सगळं सांगितलं. ती पोट धरून हसली, डोळे पुसले आणि म्हणाली, "बरं, उद्या सकाळी घरी आहेस ना? प्लंबर येणार आहे, आठ ते एकच्या मध्ये कधीतरी. तुला तसं काही काम नाहीये ना?"