ह्यात वरचं काहीच न्हाय

"पेनड्राइव्हमदी व्हायरस हाय, ज्या पाव्हण्यांचा असंल त्यांनी डीजेपाशी येऊन घिऊन जावा." परवा कराडजवळच्या एका गावात, आत्येभावाच्या हळदीत, माइकवरून अख्ख्या मंडपाला हे सांगण्यात आलं. पेनड्राइव्ह माझा होता आणि त्यात व्हायरस नव्हता. त्यात स्क्रीम होता, बेंगा होता, कोकी होता, माला होता, डबस्टेप ह्या इलेक्ट्रॉनिक म्युझिकमधली लंडनची मंडळी. हळद लावणाऱ्या बायकांपासून पंगतीतल्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांनी माना वळवून बघितलं कोण तो नग, आणि मी आपला भरल्या भावकीतून उठून व्हायरस आणायला निघालो.

आत्येभाऊ स्वतः मागे लागला होता हे आधी नमूद करतो. "दादा तू ते डबस्टेप ऐकतोस ना, हळदीला जरा वेगळं वाजवू, लिस्ट दे की." आता त्याच्या डोक्यातलं डबस्टेप म्हणजे २०१० नंतरचं, स्क्रिलेक्स हा अमेरिकन डीजे गाजल्यावर कॉलेजच्या गॅदरिंगला जे घुसलं ते, मिक्सरच्या भांड्यात चमचा राहून गेल्यासारखं. वाईट नाहीये ते, माणसाला २०१२ मध्ये एका रात्रीत तीन ग्रॅमी मिळाले, ते काय उगाच नाही. पण कोणी रेकमेंडेशन मागितलं की मला राहवत नाही. मागणाऱ्याला जे आधीच माहितीये तेच परत दिलं तर माझा उपयोग काय? म्हणून मी नीट विचार करून, क्रम लावून, मोजकी गाणी निवडली. दोन रात्री गेल्या त्यात, बायकोने विचारलं पण की एवढं काय चाललंय, म्हणलं लग्नाचं काम आहे.

थोडं सांगतो, कारण मंडपात कोणीच ऐकून घेतलं नाही. लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडन म्हणून भाग आहे, तिथं सरे स्ट्रीटवर जुनी भाजीमंडई भरते आणि त्याच रस्त्यावर बिग ॲपल नावाचं रेकॉर्डचं दुकान होतं. दुकानात हॅचा नावाचा डीजे कामाला. त्याच्याकडे स्क्रीम आणि बेंगा ही पंधरा-सोळा वर्षांची पोरं घरच्या कॉम्प्युटरवर केलेले ट्रॅक घेऊन यायची आणि हा त्यातले निवडून क्लबमध्ये वाजवायचा. २००४ ला दुकान बंद पडलं. पण तोवर ह्या पोरांनी गराज म्हणून तिथल्या क्लबमधलं नाचाचं म्युझिक होतं त्यातलं गाणंबिणं, सगळी नटवानटवी काढून टाकून फक्त ड्रम, खालचा बेस आणि मधली मोकळी जागा ठेवली होती. बेस असा की कानाला कमी आणि बरगड्यांना जास्त कळतो. ब्रिक्स्टनमध्ये २००५ पासून माला, कोकी, लोएफा ही मंडळी डीएमझेड नावाची पार्टी करायची, तिच्या पत्रकावर काय लिहिलेलं असायचं, तर या आणि बेसच्या वजनावर ध्यान लावा. ध्यान! आमच्याकडे हळदीत ध्यान म्हणजे जेवण कुठवर आलंय तिकडे.

आणि नवीन काही सापडायचं कसं, तर जाऊनच. डबप्लेट म्हणून एक प्रकार असतो, धातूच्या चकतीवर लाखेसारखा थर देऊन त्यावर एखादाच ट्रॅक कोरून घेतात, ती काही वेळा वाजली की झिजते. तेव्हा बरेच ट्रॅक वर्ष वर्षभर फक्त अशा प्लेटवरच असायचे, म्हणजे अमुक डीजेच्या पुढ्यात अमुक रात्री उभे असाल तर ऐकाल, नाहीतर बसा. आता आपल्याला सगळं फुकट मिळतं आणि काहीच मिळत नाही. मी ॲपवर बेरियल लावतो, हाही ह्याच लंडनच्या मंडळींतला, ज्याच्या 'अनट्रू' ह्या २००७ च्या अल्बममध्ये मागे सतत खरखर आणि पावसासारखं काहीतरी चालू असतं, तर ॲप पुढे मला 'अभ्यासासाठी पावसाचे आवाज, दहा तास' लावून देतं. म्हणजे त्याला पाऊस कळला, बेरियल नाही कळला. ह्याच्यावर महिन्याला पैसे घेतात.

तर ऑपरेटर. पंचविशीचा पोरगा, कपाळाला टिळा, गळ्यात हेडफोन, समोर मिक्सर आणि लॅपटॉप, आणि मागे ट्रकवर दोन्ही बाजूंनी रचलेली अठरा इंची बेसची भिंत. मी बघूनच हरखलो. लोक सांगतात हे म्युझिक मोठ्या सिस्टीमवर ऐकायचं असतं, आणि पुण्यात आमच्या फ्लॅटमध्ये मी त्याचा आवाज दोन रेघा वाढवला की खालचे जोशी वर येतात. इथं एका आत्येभावाच्या लग्नापायी लंडनच्या क्लबला लाजवेल असं साहित्य उभं होतं. मी पेनड्राइव्ह दिला, त्याने लावला, एक फाइल उघडली आणि स्क्रीनकडे डोळे बारीक करून बघत राहिला.

"पाव्हणं, ह्यात वरचं काहीच न्हाय."

"वरचं म्हणजे?"

"म्हंजी गाणं. सिंगर कोण हाय?"

"सिंगर नाहीये. इन्स्ट्रुमेंटल आहे."

"मग म्युझिक कुणाचं?"

"माला."

"माला कुठली? पुन्याची का?"

"लंडनचा. पुरुष आहे तो."

ह्यावर त्याने हेडफोन एका कानावरून काढला. बाजूला जनरेटरवाला बसला होता त्याला म्हणाला, "आरं ऐक, पुरुष हाय म्हनं, नाव माला." जनरेटरवाल्याने तंबाखू मळता मळता विचार केला आणि म्हणाला, असत्यात, आमच्या हितं एकाचं नाव शकुंतल हाय. दोघं गंभीरपणे मान हलवून परत माझ्याकडे बघायला लागले, जणू अडचण मी केलीये.

"बीपीएम किती ठेवलाय?"

"एकशे चाळीस."

"काय सांगता." त्याने बोटाने टेबलावर ताल धरला, सॉफ्टवेअरकडे बघितलं, परत ताल धरला. "ह्ये सत्तर वाजतंय पाव्हणं. सत्तरवर कोन नाचनार, वरात हाय का?"

आता इथं मला राग यावा की कौतुक वाटावं कळेना, कारण तो बरोबर होता. डबस्टेपची सगळी गंमत हीच आहे, ड्रम मिनिटाला १४० ठोक्यांच्या हिशेबाने मोजतात (तेच बीपीएम) पण स्नेअर, म्हणजे तो कडक वाजणारा ड्रम, चार ठोक्यांत तिसऱ्यावर एकदाच पडतो, त्यामुळे अंगाला ७० वाटतं, तुम्ही हळू डोलायचं का भरभर नाचायचं ते तुम्ही ठरवायचं. नेटवर लोक ह्यावर परिच्छेदच्या परिच्छेद लिहितात. ह्या पोराने अर्ध्या मिनिटात बोटाने काढलं आणि दोष म्हणून काढलं.

"न्यूक्लिया हाय का त्यात?" त्याने विचारलं. म्हणलं नाही. "मग बास का," म्हणाला. न्यूक्लिया म्हणजे आपल्याकडचा गाजलेला बेसवाला डीजे, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, त्याने २०१५ मध्ये 'बास रानी' अल्बम मुंबईत गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत काढला, ते डोकं लागतं. पण तो सगळ्यांना माहितीये ना! रेकमेंड काय करायचं त्यात?

मग मी शेवटचा पत्ता टाकला. म्हणलं, लंडनमध्ये विवेक म्हणून एकजण आहे, आपल्याकडचाच वंशाने, हेच म्युझिक करतो, आणि त्याने स्वतःची साउंड सिस्टीम उभी केलीये, तिचं नावच 'सिस्टीम'. पोराचा चेहरा पहिल्यांदा उजळला. "किती बेस हायत त्याच्याकडं? अठरा का एकवीस? ॲम्प कुठला?" हे मला सांगता येईना. तो जरा नाराज झाला, एवढ्या लांबचा माणूस सांगायचा आणि ॲम्प सांगायचा नाही म्हणजे काय, पण म्हणाला बरं, विवेकच्या नावानं एक वाजीवतो.

विवेकच्या नावाने त्याने कोकी आणि बेंगाचं 'नाइट' लावलं. आणि आधी मला सांगितलं की खाली चाळीस हर्ट्झला कट मारून ठेवलाय, त्याखालचं आलं तर स्पीकरचे कोन फाटत्यात, ते तुम्ही भरून देनार का. मी म्हणलं ठेव कट. तरीसुद्धा, बेस आला तेव्हा मंडपाचा पत्रा बोलायला लागला. टेबलावरच्या स्टीलच्या ताटल्या सरकल्या. माझ्या शर्टची बटणं थरथरली, खोटं नाही सांगत, आणि मी डोळे मिटले. इतकी वर्षं फोनवर आणि लॅपटॉपवर लोकांना हे ऐकवत आलो, आणि ते म्हणत आले "चांगलंय, पण रिकामं वाटतं". वाटणारच, फोनचा स्पीकर दोनशे-तीनशे हर्ट्झच्या खाली जवळपास मुका असतो, जिथं गाणं आहे तिथं त्याला बोलताच येत नाही! चाळीस सेकंद मिळाली मला. मग एका मावशींनी हात वर करून "अरे मशीन बिघडलं काय" विचारलं, आत्येभावाने माझ्याकडे न बघता बोट फिरवून बदल अशी खूण केली, जो स्वतः लिस्ट मागायला आला होता तो, आणि मग ती व्हायरसची अनाउन्समेंट.

मी पेनड्राइव्ह घ्यायला गेलो तेव्हा म्हणलं, अरे व्हायरस कशाला म्हणालास? तर म्हणतो, "मग काय सांगू, पाव्हन्यांची गानी बेकार हायत म्हनू? तुमचीच इज्जत ठेवली."

आता ह्यावर काय बोलणार.

पण राग खरा त्याच्यावर नाहीच. राग त्या "काहीतरी नवीन सुचव ना" म्हणणाऱ्यांवर आहे. ऑफिसात, नातेवाइकांत, सगळीकडे. तुम्ही मन लावून लिस्ट करता, समोरचा "ऐकतो ऐकतो" म्हणतो आणि कधीच ऐकत नाही, किंवा बारा सेकंद ऐकतो आणि "ड्रॉप कुठंय", म्हणजे बेस एकदम आदळतो ती जागा कुठंय, विचारतो. दुसऱ्या टोकाला ते कट्टर लोक. नेटवर कोणी नवख्याने विचारलं की कुठून सुरू करू, की लगेच दहाजण धावतात, हे डबस्टेपच नाही, खरं डबस्टेप २००६ ला संपलं. अरे मग त्याने काय करायचं, २००६ मध्ये जाऊन यायचं? माझं म्हणणं साधं असतं. कलाकार शोधत बसू नका, लेबल धरा, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी. मालाचं डीप मेडी, कोड नाइनचं हायपरडब, ब्रिस्टलच्या पिंचचं टेक्टॉनिक. एका लेबलवरचा एक माणूस आवडला की त्याच्या शेजारचा ऐका, मग त्याच्या शेजारचा. ॲपपेक्षा कितीतरी बरं चालतं हे. आणि स्क्रीमचं २००५ चं 'मिडनाइट रिक्वेस्ट लाइन' पासून सुरू करा, त्यात चाल आहे, गुणगुणता येते, मावशीसुद्धा पळणार नाहीत. हेच मी आत्येभावाला लिहून दिलं होतं, क्रमाने, पहिलं हे लाव म्हणून. त्या पोराने सगळं सोडून मधलीच फाइल उघडली.

लग्न पार पडलं. आहेर झाले. आत्याने निघताना चिवड्याचा डबा दिला आणि हळूच म्हणाली, कॉम्प्युटरचं काय असेल तर नीट करून घे रे बाबा, व्हायरस पसरतो.

आणि काल रात्री अनोळखी नंबरवरून व्हॉइस मेसेज. ऑपरेटर. नंबर आत्येभावाकडून घेतला म्हणे. "पाव्हणं, ते तुमचं बेसवालं मी कॉपी करून ठिवलं हुतं. गानं म्हनून न्हाय, पन चेकिंगला नंबर एक हाय. सिस्टीम उभी केली की आधी तेच लावतो, कुठला बेस बसलाय लगी कळतंय. तसलं आजून हाय का? नुसतं खालचं, वरचं नको."

म्हणजे इतक्या वर्षांत माझ्याकडे कोणी दुसऱ्यांदा रेकमेंडेशन मागितलं असेल तर ह्याने, आणि ते कशाला, तर स्पीकर तपासायला. पोरांनी क्रॉयडनमध्ये रात्र रात्र जागून केलेल्या ट्रॅकची फाइल कराडात 'चेकिंग बेस ३' नावाने पडून आहे, त्याने स्क्रीनशॉट पाठवलाय. मी जरा वेळ चिडलो, मग लोएफाचं 'मड' पाठवलं, कारण नुसतं खालचं हवं असेल तर त्याच्याएवढं खाली कोणी नाही. अंगठा आला. पाठोपाठ दुसरा मेसेज, ह्यात मधी मधी आमच्या साउंडचं नाव टाकून मिळंल का, बाईच्या आवाजात, मी नाव लिहून देतो.

मी त्याला सुनवणार होतो चांगलं. पण वैताग असा की ह्यातही तो चुकीचा नाही, जमैकातले साउंड सिस्टीमवाले पूर्वीपासून गायकांकडून स्वतःच्या सिस्टीमचं नाव घातलेल्या डबप्लेट करून घेतात, तो रिवाजच आहे, त्यातूनच फिरत फिरत हे सगळं क्रॉयडनला पोचलं. हे त्याला टाइप करून समजवायला मी जरा जास्तच लांब मेसेज लिहिला, जमैकाच्या डबवाल्या किंग टबीपासून सगळं. त्याने वाचला की नाही माहीत नाही. उत्तर आलं, "चालंल. इको मातर जास्त पायजे."