मॅग्नेट निघूनच नाही राह्यलं

नट निघतो. नटाचं काय, टायरवाल्याकडची इम्पॅक्ट गन लावली की घर्रर्र करून दोन क्षणांत हातात येतो आणि माणसाला वाटतं, जमलं आपल्याला. पुढचा सगळा मनस्ताप या दोन क्षणांच्या आत्मविश्वासावर उभा असतो. कारण नट काढला तरी फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या दांड्याच्या टोकावरचं जड चाक, आमच्या नागपूरच्या मिस्त्रींचं ‘मॅग्नेट’, जागचं हलत नाही. ओढून पाहा, हिसका देऊन पाहा, टेकडीच्या गणपतीला नारळ बोलून पाहा.

हे मॅग्नेट माझं नव्हतं, माझ्या साळ्याचं होतं. साळ्याची काटोलकडे संत्र्याची बाग आहे. त्याने बैलजोडी विकली आणि बंद पडलेल्या एका रिसॉर्टकडून एटीव्ही घेतली. चार फुगीर टायर, मोटारसायकलचं हँडल आणि बसल्यावर आपण आफ्रिकेत आहोत असं वाटायला लावणारी सीट. मागे फवारणीचा पंप बांधून संत्र्याच्या दोन ओळींमधून फिरायचं, असा बेत होता. “भाऊजी, बैल पोळ्याला सुट्टी घेते, हे घेत नाही,” असं तो मला म्हणाला होता. एटीव्हीने श्रावण लागताच सुट्टी घेतली.

बटण दाबलं की स्टार्टर मोटर मोठ्या उत्साहाने घुर्र घुर्र फिरायची आणि इंजिन ढिम्म. म्हणजे स्टार्टरचा एकतर्फी क्लच गेला. इंजिन चालू करताना पकडायचं आणि चालू झालं की सोडून द्यायचं, एवढंच त्याचं काम. आतले रोलर झिजले की तो पकडेनासा होतो. दुरुस्ती किरकोळ, पण हा क्लच बसतो मॅग्नेटच्या पाठीमागे. आणि मॅग्नेट काढणार कोण? तर भाऊजी, कारण भाऊजी इंजिनिअर. मी सिव्हिलचा आहे, आयुष्यभर पाटबंधारे मोजले, पण सासरी असे भेदभाव पाळत नाहीत. तिकडे इंजिनिअर म्हणजे मिक्सरपासून मोटारपंपापर्यंत सगळ्याचा. पिकअपमध्ये चढून एटीव्ही प्रतापनगरला आमच्या अंगणात उतरली.

मॅग्नेट का निघत नाही, हे एकदा समजून घेतलं की त्याच्यावरचा राग कमी होतो. निघत मात्र तरीही नाही. क्रँकचा, म्हणजे इंजिनातला फिरणारा, दांडा टोकाकडे निमुळता असतो आणि मॅग्नेटचं भोकही त्याच उताराचं. नट आवळला की एक निमुळतं दुसऱ्या निमुळत्यात रुतून बसतं. घरात एकात एक ठेवलेले स्टीलचे पेले अडकतात ना, तसंच. फक्त या पेल्यांवर कुणीतरी पान्याने सगळा जोर लावलेला असतो. नंतर नट काढून टाकला तरी पकड कायम, कारण ती नटाची नसतेच, घर्षणाची असते. मधे एक अर्धचंद्राच्या आकाराची इवलीशी चावी असते. वुडरफ नावाच्या हार्टफर्डच्या एका गृहस्थाने १८८७ साली तिचं पेटंट घेतलं. बघ्यांना वाटतं, ही चावीच सगळं धरून ठेवते. तिचं काम एवढंच, की मॅग्नेट दांड्यावर नेमक्या जागी बसावं आणि ठिणगी वेळेवर पडावी. ओझं ती उचलत नाही. प्रत्येक ऑफिसात असा एक माणूस असतो, पण ते असो.

मॅग्नेट काढायला पुलर लागतो. मॅग्नेटच्या मधल्या भागाला, हबला, त्यासाठीच बारीक आटे पाडलेले असतात. पुलर त्या आट्यांत पूर्ण बसवायचा, मधला बोल्ट दांड्यावर दाबत न्यायचा, की मॅग्नेट सुटतं. आमच्या मॅग्नेटचे आटे डावे होते, उलट्या बाजूने फिरणारे. रिसॉर्टच्या काळात कुण्या कलाकाराने त्यात उजव्या आट्यांचा पुलर घुसवलेला दिसत होता, आणि तो जात नाही म्हणून ठोकून घुसवलेला दिसत होता. आट्यांचा भुगा झाला होता. वर छिन्नीचे घाव. मी योग्य मापाचा डावा पुलर मिळवला, हलक्या हाताने फिरवला, तो गोल गोल फिरत राहिला आणि तसाच हातात परत आला.

आमच्या गल्लीत माणूस पाना घेऊन बसला की आधी कुत्रं येतं, मग पोहेवाला, मग काकाजी.

पोहेवाल्याचा ठेला कोपऱ्यावर आहे. तर्रीची बादली झाकून तो आला, कमरेवर हात ठेवून पाहत राहिला आणि म्हणाला, “काऊन जी साहेब, सकाळपासून काय करून राह्यले? घन आणा ना बाप्पा एक! दोन दणक्यात येते.” येतं, खोटं नाही. पण क्रँक म्हणजे काही एकसंध पहार नसते. दोन अर्ध्या चकत्या पिनेवर दाबून बसवलेल्या असतात. टोकावर घन घातला की त्या वाकड्या होतात आणि पुढे जन्मभर इंजिन थरथरतं. शिवाय मॅग्नेटच्या आत चिकटवलेले चुंबक तडकतात ते वेगळंच. मी हे सगळं सांगितलं. पोहेवाल्याने ऐकून घेतलं आणि कुत्र्याला म्हणाला, “चाल बे, इथं काही होऊन नाही राह्यलं.”

काकाजींचा सिद्धांत उष्णतेचा. त्यांचे वडील एम्प्रेस मिलमध्ये फिटर होते. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली ती मिल केव्हाच बंद पडली, पण तिची फिटरकी काकाजींच्या रूपाने आमच्या गल्लीत तीन पाळ्यांत चालू आहे. ते म्हणाले, “हे काम मे महिन्यात काढायचं असते. २३ मे २०१३ आठवते? ४७.९ डिग्री! त्या दिवशी ही गाडी अंगणात असती ना, मॅग्नेट आपोआप गळून पडलं असतं.”

मी शांतपणे कागद घेतला. पोलाद एका डिग्रीला मीटरमागे साधारण १२ मायक्रॉन फुगतं. दांडा २० मिलिमीटरचा. आजचं तापमान ३० धरलं तर काकाजींच्या ऐतिहासिक उन्हाने तो चार मायक्रॉनच्या आसपास वाढला असता; डोक्याचा केस याच्या पंधरा-वीसपट जाड. आणि मुख्य म्हणजे मॅग्नेट उन्हात तर दांडाही त्याच उन्हात. दोघं सोबतच फुगणार, पकड तिथल्या तिथे. काकाजींनी कागद उलटसुलट करून पाहिला. “हिशोबाने मिल चालत नसते,” म्हणाले, आणि गॅसची बत्ती आणायला निघाले. त्यांना अडवणं त्या दिवसाचं सगळ्यात अवघड काम ठरलं. हब तेवढाच तापवला तर उपयोग होतो हे खरं, पण उस्तादाच्या हाताने. काकाजींच्या हातात बत्ती म्हणजे चुंबकांचं चुंबकत्व, त्यांचा गोंद आणि मागचं रबरी ऑइल सील यांना एकदमच मोक्ष.

वरच्या मजल्यावरच्या मुलाने फोनवर व्हिडिओ दाखवला: तीन पायांचा पुलर बाहेरच्या कडेला अडकवायचा आणि ओढायचा. कडा हबला रिबिटांनी जोडलेली असते, बाळा. कडा हातात येईल, हब मागे राहील. त्याला पटलं. आमच्या अंगणात कुणाला काही पटण्याचा हा पहिला प्रसंग असावा. बाकी गल्लीत बातमी गेली होती, ‘भाऊजी काहीच करून नाही राह्यले.’

शेवटी हिंगणा एमआयडीसीत एका लेथवाल्या उस्तादाकडे गेलो.

“आटे नवीन पाडायचे आहेत, उस्ताद. मॅग्नेटचे.”

“पाडून देतो. आणलं मॅग्नेट?”

“नाही ना. ते निघूनच नाही राह्यलं.”

“काढून आणा.”

“काढायलाच आटे लागतात.”

उस्तादाने लेथ बंद केली. “मंग म्या काय तुमच्या तोंडाचे आटे पाडू?”

पण माणूस खरा उस्ताद. त्याने खडू घेतला, फरशीवर एक गोल काढला, गोलात तीन टिंबं काढली. हबच्या तोंडाला समान अंतरावर तीन भोकं पाडायची, ६.८ मिलिमीटरची, आणि त्यात आठचा टॅप मारून नवे आटे पाडायचे. वर जाड प्लेट, तिच्यातून तीन बोल्ट हबमध्ये, चौथा मधोमध दांड्यावर. म्हणजे आटे गेले तर नवी जागा शोधायची, गेलेल्यांच्या नावाने रडायचं नाही. हबवर नट वेल्ड केला तर, असं मी विचारलं. “करता येते,” तो म्हणाला, “पण अर्थिंग इंजिनाला लावली तर करंट बेअरिंगमधून जाते. मंग मॅग्नेट निघते, बेअरिंग जाते.” प्लेट त्याने तिथेच बनवून दिली. बोल्ट इतवारीतल्या लोहा ओळीतून आणले, १०.९ ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीचे, दुकानदार साधे गळ्यात मारत होता. साधा बोल्ट अशा कामात गुळासारखा लांबतो.

ड्रिलिंगला पूर्ण दुपार गेली. बिटवर चिकटपट्टीची खूण, त्यापुढे एक दोरासुद्धा जायचं नाही, कारण मागे क्लच. सावकाश, तेल सोडत सोडत. साळा काटोलहून येऊन शेजारी बसला होता. पोळा तोंडावर आलेला. “नाही निघालं तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पिवळ्या मारबतीसोबत अख्खी एटीव्हीच पाठवून देऊ,” तो म्हणाला; मारबत म्हणजे आमच्याकडे ईडापीडा घेऊन जाणारा मिरवणुकीतला पुतळा. “ईडा, पीडा, एटीव्ही घेऊन जा गे मारबत!”

संध्याकाळी प्लेट बसली. मी दांड्याचा नट परत टोकापर्यंत सैल चढवून ठेवला, कारण मॅग्नेट सुटलं की उडतं आणि उडून पायावर येतं. मधला बोल्ट आवळला. प्लेट कण्हली. आणखी आवळला, पाना कण्हला. मॅग्नेट? नाव नको. साळ्याला आणखी जोर लावायचा होता, मी लावू दिला नाही. फटीत तेल सोडलं, सगळं तसंच ताणलेलं ठेवलं आणि आम्ही जेवायला बसलो.

रात्री, सगळी गल्ली झोपलेली असताना, अंगणात ठण्णकन आवाज झाला. पाठोपाठ कुत्रं. मग काकाजींच्या घरचा दिवा, आणि काकाजी टॉवेलवर. “सिलिंडर फुटलं का हो?” मी बॅटरी मारली. मॅग्नेट दांड्यावरून सुटून नटाला टेकून निवांत बसलं होतं. दिवसभर इतक्या जाणकारांनी घेरलेलं असताना जे हललं नाही, ते कुणीच पाहत नाही म्हटल्यावर आपणहून निघालं.

काकाजी वाकून बराच वेळ पाहत राहिले. “बरोबर,” म्हणाले. “रात्रीचा गारवा. आकुंचन पावलं. मी म्हटलंच होतं, सगळा तापमानाचा खेळ आहे.”

सकाळी मॅग्नेट खाली काढलं. अर्धचंद्राची चावी जशीच्या तशी, टवका न उडालेली. क्लचचे रोलर गुळगुळीत झिजलेले, अपेक्षेप्रमाणे. आमचा एक हरवलेला वॉशरही चुंबकाला चिकटून मिळाला. पण ड्रिलिंगचा सगळा कीसही त्याच चुंबकांवर जाऊन बसला होता, लोखंडाची बारीक काळी लव. ब्रशने झाडला तर तिथेच परत. हवा मारली तर उडाला आणि उडून पुन्हा तिथेच. असं मॅग्नेट बसवलं तर तो कीस कॉइलमध्ये जाणार. उस्तादाला फोन केला.

“कणीक घ्या,” तो म्हणाला. “घट्ट. दाबा आन् उचला.”

त्या दिवशी पोळा होता. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. पुरण शिजलं होतं, परातीत कणीक मळून झाकलेली.

“अहो, हात काळे घेऊन इथे कशाला?”

“थोडी कणीक पाहिजे होती. मॅग्नेटला.”

तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्यामागे उभ्या भावाकडे पाहिलं. मग एक चांगला गोळा तोडून माझ्या हातावर ठेवला.

“झालं की परत आणून द्या,” ती म्हणाली. “याच्या पोळ्या तुम्हा दोघांच्या पानात. आणि जास्तीची निघाली तर काकाजींनाही बोलवा.”