शू झाली का?

'फॉस्टर म्हणजे काय, थोडे दिवस घरात ठेवायचं' असं ज्याने कुणी म्हटलंय ना, त्याला रात्री तीन वाजता माझ्या घरी पाठवा.

पावसात सोसायटीच्या मीटर रूममध्ये मांजराची पिल्लं सापडली, आई बेपत्ता, आणि रेस्क्यूवाल्या मुलीने ज्या आवाजात "ताई, तुमची एक खोली रिकामीच असते ना" म्हटलं, त्या आवाजात तिने मला विमा विकला असता तरी मी घेतला असता.

डोळे न उघडलेल्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी दूध पाजायचं हे ऐकून होते. पण साधारण तीन आठवड्यांचं होईपर्यंत त्याला स्वतःहून शूसुद्धा करता येत नाही, आई चाटते तेव्हा होते, आणि आई नसेल तर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने आपण पुसत बसायचं, हे कुठल्या रीलमध्ये दाखवतात? तर मी पुसते. एका हातात पिल्लू, एका हातात कापूस, लॅपटॉपवर मीटिंग म्यूटवर, आणि तिकडून "युअर इनपुट्स?" आलं की नेमकं इकडे आउटपुट.

सासूबाई गाईचं दूध कोमट करून घेऊनच आल्या. म्हटलं, आई, त्याने जुलाब होतात त्यांना, वेगळी पावडर येते. "मांजराला दूध चालत नाही? मग काय, चहा टाकू?" त्यात पावडरच्या डब्यावरची किंमत वाचली. त्यानंतर बराच वेळ घरात शांतता होती.

बरं, पाजायचं तेही बाळासारखं उताणं धरून नाही, दूध फुप्फुसात जायची भीती, पोटावरच ठेवायचं. अंग गार लागलं तर आधी टॉवेलात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या पिशवीची ऊब, मगच दूध. रोज साधारण दहा ग्रॅम वजन वाढायला हवं असं व्हेट म्हणाले, आणि घरात काटा एकच, भाजणीचा. त्यावरून जे झालं ते लिहीत नाही. पण थोड्याच दिवसांत सासूबाईच चष्मा लावून भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी 'केशरी १८५, काळं १७०' लिहायला लागल्या, वर "काळं नाटकं करतंय गं, याची शू झाली का?"

पिल्लं मोठी झाल्यावर अडॉप्शनसाठी फोटो टाकले आणि फोन सुरू. पांढरं नाही का? उंदीर पकडेल ना? एका काकांना तिरंगी हवं होतं, पण बोकाच. म्हटलं काका, तिरंगी म्हणजे जवळपास नेहमी मादीच असते, ते जनुकांमुळे, माझ्या हातात नाही. तर म्हणे, "बघा ना, काही होतंय का."

शेवटी एक चांगलं जोडपं आलं, काळ्यासाठी. मी काही विचारायच्या आत सासूबाई सुरू, खिडक्यांना जाळी आहे का, नसबंदी करणार ना, लस कोण देऊन आणणार, दिवसभर घरी कोण असतं. पोरं बिचारी सगळ्यात पास. मी पिल्लाची पिशवी भरायला आत गेले तर मागून येऊन कानात म्हणतात,

"अगं, त्यांच्याकडे वजनकाटा नाहीये."