आदर्श गिऱ्हाइकाची पथ्यं

दसरा आठवड्यावर आला की वर्तमानपत्रातली पहिली बातमी पाचव्या पानावर जाते. आधीच्या चार पानांवर फ्रीज, टीव्ही, वॉशिंग मशीन आणि त्यांच्याकडे बघून हसणारं एक चौकोनी कुटुंब असतं. ही पानं वाचून झाली की ताबडतोब रद्दीत टाका. आदर्श गिऱ्हाईक व्हायचं असेल तर पहिलं पथ्य हेच. पान जपून ठेवलंत, किंवा त्यावरची तारीख दिसेल असा मोबाइलवर फोटो काढलात, तर उद्या दुकानात तुमच्या हाती पुरावा असेल. पुरावा घेऊन आलेला माणूस बघितला की काउंटरवरच्या मुलाला किती अवघडल्यासारखं होतं! सणासुदीला कुणाच्या जिवाला त्रास देऊ नये.

किमतीच्या डोक्यावर एक बारीक चांदणी असते, तिच्या वाटेला जाऊ नका. पानाच्या तळाशी मुंग्यांच्या रांगेसारख्या अक्षरांत तिचा खुलासा छापलेला असतो आणि मराठी जाहिरातीत तो बहुधा इंग्रजीत असतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत 2022 साली केंद्राने मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत म्हटलंय की खुलासा ज्या भाषेत दावा केला त्याच भाषेत आणि त्याच टायपात हवा, आणि मोठ्या अक्षरांतली थाप बारीक अक्षरांत मागे घेता येणार नाही. पण वर्तमानपत्राच्या पानाचा दर काय असतो हे दिल्लीतल्या साहेबांना काय कळणार? आपण समजूतदार. आपण भिंग शोधत नाही.

आता दुकानात चला. जाहिरातीतल्या फ्रीजकडे बोट दाखवलंत की मुलगा म्हणेल, "काका, तो पीस सकाळीच गेला." दुकान साडेदहाला उघडतं आणि तुम्ही पावणेअकराला उभे आहात, हा हिशेब मनातसुद्धा करायचा नाही. एकूण किती नग होते, हे तर मुळीच विचारायचं नाही. कारण त्याच तत्त्वांत आमिषाच्या जाहिरातीचं वेगळं कलम आहे. त्या किमतीत माल विकण्याची वाजवी शक्यता नसताना जाहिरात करता येत नाही, आणि साठा मर्यादित असेल तर ते जाहिरातीतच सांगावं लागतं. तुम्ही नगांची चौकशी केलीत आणि मुलगा भोळेपणाने "एकच होता" असं बोलून गेला, तर बिचाऱ्याची नोकरी जायची.

त्यापेक्षा तो पुढे काय म्हणतो ते ऐका. "त्याच्याहून भारी मॉडेल दाखवतो ना, फक्त सात हजार जास्त." घ्या. पार्किंगला गाडी लागलीय, पोरं भुकेली आहेत, हप्त्यावाला मुलगा टॅब घेऊन बाजूलाच बसलाय आणि सौ. म्हणताहेत, "आता आलोच आहोत तर." सगळी योजना या शेवटच्या वाक्याच्या भरवशावर चालते. हे वाक्य बोलायला गिऱ्हाइकं चुकू लागली, तर शहरातल्या निम्म्या शोरूमला वेगळा धंदा बघावा लागेल.

फ्रीजवर मिक्सर फुकट होता, नाही का? तो "वरून आला नाही, आला की फोन करतो." विश्वास ठेवा. 'मिक्सर देणे बाकी' असं बिलावर लिहून घेण्याचा हट्ट धरू नका. खरं तर बिलच घेऊ नका, म्हणजे प्रश्न मिटला. ग्राहक संरक्षण कायदा 2019, जो 20 जुलै 2020 पासून लागू झाला, त्यात अनुचित व्यापारी प्रथांची लांबलचक यादी आहे. बिल न देणं हीसुद्धा त्यातली एक. भेट द्यायचा इरादाच नसताना ती जाहीर करणं दुसरी. भेटीची किंमत मालातच धरून वर 'फुकट' म्हणणं तिसरी. आणि सवलतीच्या दरात माल विकायचाच नसताना तशी जाहिरात देणं ही आणखी एक. यादी वाचून असं वाटतं की कायदा लिहिणारा दिवाळीच्या आदल्या आठवड्यात स्वतः एखादा टीव्ही आणायला गेला असावा.

आवाज चढवायची वेळ आलीच तर मॅनेजर येईल आणि सांगेल की ऑफर कंपनीची आहे, दुकानाची नाही. कंपनी सांगेल की डीलरशी बोला. या दोघांमध्ये शांतपणे येरझारा घाला, चालणं प्रकृतीला चांगलं. ग्राहक आयोगात, म्हणजे ग्राहकांच्या कोर्टात, तक्रार करताना दोघांनाही सामनेवाले (विरुद्ध पक्ष) करता येतं ही माहिती वकिलांपुरती राहू द्या.

दुकानदाराचा एखादा भाचा वकिली शिकत असतोच. तो तुम्हाला 1872 चा करार कायदा ऐकवेल: जाहिरात हा प्रस्ताव नसून केवळ आमंत्रण असतं, त्यामुळे त्या किमतीत माल देणं बंधनकारक नाही. मान डोलवा. कारण त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं बोलणाऱ्यापुढे आपण मराठी माणसं लगेच नमतो. अमुक किमतीत फ्रीज द्याच, असं दुकानाला भाग पाडणं खरोखर अवघड असतं. टाइप करताना एक शून्य राहून गेलं आणि साठ हजारांचा टीव्ही सहा हजारांना दिसला, तर तो हक्काने मागणाऱ्याबद्दल मलाही फारशी सहानुभूती नाही. उरलेलं अर्धं मात्र भाच्याच्या अभ्यासक्रमात अजून यायचंय. माल देणं बंधनकारक नसलं म्हणून खोटी जाहिरात करायची मुभा मिळते, असं कुठल्याही कायद्यात म्हटलेलं नाही.

हुशार भाचा असेल तर आणखी एक पेच टाकेल: तुम्ही काही विकतच घेतलं नाहीत, मग तुम्ही ग्राहक कसले? हा पेच जरा चांगला आहे. ग्राहक संरक्षण कायद्याच्या व्याख्येत ग्राहक म्हणजे मोबदला देऊन किंवा द्यायचं कबूल करून वस्तू घेणारा. रिकाम्या हाताने बाहेर पडलेल्याला आयोगात हा अडथळा लागू शकतो. इथेच हात टेका आणि घरी या. त्याच कायद्याच्या कलम 17 नुसार खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे करता येते, हे कुणाला विचारू नका. ते प्राधिकरण जाहिरातदाराला 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंड करू शकतं. इतक्या मोठ्या रकमा ऐकून तुमचंच ब्लडप्रेशर वाढेल.

ज्यांनी सात हजार जास्त देऊन फ्रीज घेतला आणि मिक्सरची वाट बघताहेत, त्यांना मोह जास्त असतो. 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर पाठ करू नका. तिथे मराठीतही बोलता येतं, म्हणजे भाषेची सबबही उरत नाही. हेल्पलाइन आदेश देत नाही, कंपनीला फक्त विचारणा करते. पण गंमत अशी की 'वरून न आलेले' मिक्सर कधी कधी तेवढ्यानेही येतात. जिल्हा ग्राहक आयोगाचं तर नावच काढू नका. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि दुकान कुठेही असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. इतक्या सोयी असल्यावर माणूस बिघडायला वेळ लागत नाही. सुदैवाने मुदत दोन वर्षांची आहे. "बघू पुढच्या महिन्यात" असं म्हणत ती आरामात काढता येते. साधारणपणे तीन महिन्यांत निकाल लागावा असंही कायद्यात लिहिलंय. हे वाक्य आयोगाच्या आवारात मात्र मोठ्याने वाचू नका, तारखा घेऊन बसलेल्या मंडळींना हसू आवरत नाही.

मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांपासून तर चार हात लांबच राहा. ही मंडळी 1975 पासून एकत्र येऊन घाऊक माल घेतात, वाटून घेतात, वर कायद्याचंही बोलतात. एकटं गिऱ्हाईक गोड असतं, दहा जण एकत्र आले की त्यांना प्रश्न पडायला लागतात.

ऑनलाइन घेणाऱ्यांना फार सांगायला नको, ते जात्याच गुणी. पैसे कापले गेले, चार दिवसांनी 'तांत्रिक कारणास्तव' ऑर्डर रद्द झाली, तोवर सेल संपला, आणि तीच वस्तू आता तीन हजारांनी महाग. तरीही ते "डिलिव्हरी अनुभव कसा होता?" या प्रश्नाला पाच तारे देऊन मोकळे होतात. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक साइटला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. त्याचं नाव साइटवर सगळ्यात खाली असतं. इतकं खाली बोट सरकवायचं म्हणजे मनगट दुखतं.

तेव्हा दिवाळीत पाहुणे आले की नवा फ्रीज उघडून दाखवा, आतला दिवा लागतो तेही दाखवा. सात हजारांचा आणि मिक्सरचा विषय काढू नका. "कुठून घेतला?" असं विचारलं तर दुकानाचा पत्ता आनंदाने द्या. तुमच्या मेव्हण्यांना यंदा वॉशिंग मशीन घ्यायचंय.